एंजिनाचे आच्छादन आणि घरी बांधलेले विमान : एका तांत्रिक ज्ञानाचा प्रवास

प्रयोगशाळेत ज्ञान निर्माण होते आणि कार्यशाळेत त्याचा केवळ वापर होतो, असे गृहीत धरून तंत्रविद्येचा इतिहास लिहिण्याचा प्रघात आहे. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, याची परीक्षा एका लहानशा उदाहरणाच्या आधारे करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते उदाहरण म्हणजे विमानाच्या एंजिनावरील आच्छादन, अर्थात काउलिंग. वरवर पाहता हे एक झाकण होय. वस्तुतः तो हवेचा आखून दिलेला मार्ग आहे. हवेने थंड होणाऱ्या एंजिनास वाहता वारा आवश्यक असतो. परंतु तोच वारा उघड्या सिलिंडरांवर आदळला म्हणजे विमानाच्या गतीस मोठा रोध होतो. या दोन परस्परविरोधी गरजांचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजेच काउलिंगचा इतिहास.

आरंभीच्या काळात आच्छादनाचे प्रयोजन निराळेच होते. १९१३ च्या सॉपविथ टॅब्लॉइडसारख्या विमानांत संपूर्ण एंजिन पंख्याबरोबर फिरत असे आणि त्यातून एरंडेल तेलाचे तुषार उडत. ते वैमानिकाच्या अंगावर येऊ नयेत, हे धातूच्या आवरणाचे एक मुख्य काम होते. पुढे स्थिर अरीय एंजिने प्रचारात आली. त्यांची सिलिंडरे वर्तुळाकार मांडलेली व उघडी असत. ती झाकल्यास एंजिन तापेल, अशी सार्वत्रिक धास्ती होती.

अमेरिकेतील नॅशनल ॲडव्हायझरी कमिटी फॉर एरोनॉटिक्स, म्हणजे एन.ए.सी.ए., या संस्थेच्या लँग्ली येथील प्रयोगशाळेत १९२६ साली विमान-उत्पादकांची परिषद भरली. तीत या प्रश्नाचा अभ्यास व्हावा, अशी मागणी पुढे आली. म्हणजे प्रश्न कारखान्यातून प्रयोगशाळेकडे गेला, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. १९२७ मध्ये तेथे २० फूट व्यासाचा वातबोगदा कार्यान्वित झाला. त्यात खऱ्या आकाराचे एंजिन व विमानाचा सांगाडा ठेवता येत असे. फ्रेड वाइक यांच्या नेतृत्वाखाली आच्छादनाचे दहा प्रकार एकामागून एक तपासण्यात आले. संपूर्ण एंजिन झाकणाऱ्या दहाव्या प्रकाराने रोध जवळजवळ एकतृतीयांशावर आला. अनेक फेरफारांनंतर एंजिन थंड राखणेही साधले. कर्टिस हॉक विमानावर हे आच्छादन बसविल्यावर त्याचा वेग ताशी ११८ मैलांवरून १३७ मैलांवर गेला. संस्थेस १९२९ या वर्षाचा कॉलियर करंडक मिळाला. याच सुमारास इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथे ह्यूबर्ट टाउनेंड हे सिलिंडरांभोवती बसवावयाच्या कड्यावर स्वतंत्रपणे काम करीत होते, हेही विसरता कामा नये.

येथे एक महत्त्वाची बाब आहे. हे यश सिद्धांतातून आलेले नव्हते. एक एक घटक बदलून मोजमाप करावयाचे, ही वाइक यांची रीत होती. प्रवाहाची सुसंगत मीमांसा थिओडोर थिओडोर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९३७ च्या अहवालात आढळते. शीतलता आत शिरणाऱ्या हवेच्या वेगावर नव्हे, तर एंजिनाच्या दोन बाजूंमधील दाबाच्या फरकावर अवलंबून असते. आणि मागील बाजूस हवा बाहेर पडण्याची फट हीच त्या प्रवाहाची नियामक होय, हे त्यातून स्पष्ट झाले.

हे ज्ञान हौशी विमान-बांधणाऱ्यापर्यंत कोणत्या रूपाने पोहोचले? १९३१ मध्ये कॉन्टिनेंटल ए-४० हे समोरासमोर सिलिंडरे असलेले लहान एंजिन आले आणि हलक्या विमानांत हा प्रकार रूढ झाला. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझ्नी यांनी मिल्वॉकी येथे एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनची स्थापना केली. घरी विमान बांधणाऱ्यांना परस्परांचे अनुभव कळण्याचे साधन मिळाले. त्यांच्या हाती वातबोगदा नव्हता; होती ती कात्री, कानस आणि तापमापक.

त्यांच्या कामाची पद्धत पाहिली तर थिओडोर्सन यांचा निष्कर्ष हाताच्या कौशल्यात कसा उतरला, ते दिसते. पंख्याच्या टोपीच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून आलेली हवा सिलिंडरांच्या वर कोंडली जाते, त्यांच्या पाकळ्यांमधून खाली उतरते आणि तळाच्या फटीतून बाहेर पडते. वरची हवा अन्य वाटेने निसटू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आडपडदे लावतात. आच्छादनाच्या आतील वळणाबरहुकूम ते कापण्यासाठी पत्र्याच्या कडेवर कागदाच्या क्लिपा खोचून आच्छादन दाबून बसवितात. क्लिपा जितक्या खाली सरकतात, त्यावरून किती पत्रा कापावा ते ठरते. उरलेली फट रबराच्या लवचिक पट्टीने बुजवितात. पट्टी दाबाच्या बाजूस वळलेली असली म्हणजे हवेचा दाबच तिला आच्छादनाशी घट्ट धरतो. उलट वळली तर तोच दाब तिला दूर ढकलतो. एंजिन रबरी आधारांवर हलते, म्हणून टोपी व आच्छादन यांत अंतर ठेवावे लागते. आधार कालांतराने दबतात, म्हणून आरंभी टोपी किंचित उंच राखतात. एंजिन तापू लागले म्हणजे पुढील छिद्रे मोठी करण्याचा मोह होतो. परंतु बाहेर पडण्याची वाट अपुरी असेल तर अधिक हवा पुढूनच सांडते आणि रोध तेवढा वाढतो. ही चूक उड्डाणात महाग पडते.

या संदर्भात खुद्द वाइक यांचे चरित्र उद्बोधक आहे. लँग्ली येथील काही सहकाऱ्यांसह फावल्या वेळात त्यांनी स्वतःच डब्ल्यू-१ नावाचे लहान विमान बांधले आणि ते १९३४ मध्ये उडाले. त्या अनुभवातून पुढे अर्कूप या विमानाचा आराखडा निघाला. प्रयोगशाळेचा अग्रणी संशोधक आणि हौशी बांधणारा या भूमिका एकाच व्यक्तीच्या ठायी नांदल्या.

तात्पर्य, काउलिंगच्या बाबतीत ज्ञान वरून खाली वाहिले, असे म्हणता येत नाही. कारखान्यातून प्रश्न आला, मोजमापातून उत्तर आले, मीमांसा मागाहून आली आणि अखेरीस ती रबराच्या पट्टीच्या वळणात सामावली. ती पट्टी लावणाऱ्यास थिओडोर्सन यांचे नाव ठाऊक असेलच असे नाही. म्हणूनच तंत्रविद्येच्या अभ्यासकाने छापील अहवालांइतकेच लक्ष पत्र्याच्या कडेकडे द्यावे; जे कागदावर उतरलेले नाही, त्याचा पुष्कळसा पुरावा तेथे असतो.