सँ-सीर : कुळीच्या जोरावर मिळालेली शाळा

फ्रान्सचा उमराव म्हटलं की व्हर्सायचे आरसेमहाल आणि पावडर फासलेले केसांचे टोप आठवतात. पण सतराव्या शतकात खेडोपाडी असेही उमराव होते, ज्यांच्या घराचं छप्पर गळत होतं. ‘ताय’ नावाचा मुख्य कर त्यांना सहसा माफ असे. कमरेला तलवार लावायचा मान होता, शिकारीचा हक्क होता. देहदंड झालाच तर फासाऐवजी शिरच्छेद, हीदेखील एक सवलतच. मात्र दुकान थाटलं की कुळी बुडाली. ब्रिटनी प्रांताने यावर गमतीदार तोड काढली होती. तिथला उमराव व्यापारात असेपर्यंत आपलं उमरावपण ‘झोपवून’ ठेवू शकत असे; व्यापार सोडला की ते पुन्हा जागं. मुलग्यांना निदान सैन्य होतं. मुलींची मात्र कोंडी होती. हुंड्याशिवाय लग्न नाही आणि पैसे भरल्याशिवाय बहुतेक मठांत प्रवेशही नाही.

मादाम द मँतनाँ ही कोंडी भोगूनच मोठ्या झाल्या होत्या. 1635 साली त्या जन्मल्या तेव्हा वडील तुरुंगात होते. अपंग कवी स्काराँशी लग्न, मग ऐन पंचविशीत वैधव्य, आणि पुढे चौदाव्या लुईशी गुप्त विवाह. त्यांच्या आग्रहाखातर राजाने व्हर्सायजवळच्या सँ-सीर गावी 1686 मध्ये शाळा उघडली. इमारत वास्तुकार मांसारची. खर्चासाठी सँ-दनीच्या मठाच्या उत्पन्नातला मोठा वाटा तोडून दिला. जागा 250. सात ते बारा वर्षांची मुलगी घ्यायची, विसाव्या वर्षापर्यंत फुकट सांभाळायची आणि निघताना 3000 लिव्र हुंडा द्यायचा. वयाप्रमाणे चार वर्ग, त्यांच्या फितींचे रंग तांबडा, हिरवा, पिवळा, निळा.

प्रवेशाची अट वाचली की संस्थेचा स्वभाव कळतो. घर गरीब हवंच. पण वडिलांकडून 140 वर्षांचं उमरावपण कागदोपत्री सिद्ध करायचं. राजाचे वंशावळतज्ज्ञ दोझिए घराण्यातले. ते लग्नाचे करार, वाटणीपत्रं, जुन्या सनदा तपासून शेरा देत. शेजारी शेत कसणाऱ्या कुळाची मुलगी कितीही हुशार आणि कितीही उपाशी असली, तरी तिला दार बंद. वर, हे कूळ तो कर भरत होतं, जो उमरावाला माफ होता.

सुरुवातीची वर्षं झगमगाटाची होती. मुलींसाठी नाटककार रासीनने ‘एस्तेर’ लिहिलं. 1689 च्या जानेवारीत प्रयोग झाला आणि राजासकट सगळा दरबार लोटला. टाळ्यांनी मुली शेफारतात असं मँतनाँबाईंना दिसलं. 1691 मध्ये त्याचंच ‘आताली’ साध्या गणवेशातच झालं आणि 1692 मध्ये शाळेचा रीतसर मठ झाला. मला यात भीती दिसते. गावाकडच्या पडक्या गढीत संसार करायला ज्यांना परत जायचं, त्यांना दरबाराची चटक लावून चालणार नव्हतं. 1719 मध्ये बाई तिथेच वारल्या. शाळा मात्र नमुना ठरली. 1751 मध्ये पॅरिसच्या सैनिकी शाळेने गरीब उमरावांची 500 मुलं घेण्याचं ठरवलं, तेव्हा त्यांनाही चार पिढ्यांचा दाखला लागला. रशियात सम्राज्ञी कॅथरीनने 1764 मध्ये स्मोल्नी संस्था काढली ती सँ-सीर डोळ्यांपुढे ठेवूनच.

1784 मध्ये कॉर्सिकातल्या एका वकिलाची सात वर्षांची मुलगी इथे दाखल झाली. घराण्याच्या उमरावपणाला फ्रेंच मान्यता मिळून पुरती पंधरा वर्षंही झाली नव्हती; पण इटलीतले जुने कागद कामी आले. ही नेपोलियनची बहीण मारी-आन बोनापार्त, पुढची एलिझा.

मग राज्यक्रांतीतली 4 ऑगस्ट 1789 ची रात्र आली. उमरावांचे विशेष हक्क गेले. जून 1790 मध्ये वंशपरंपरागत उमरावपणच रद्द झालं. ज्या दाखल्यावर शाळा उभी होती, त्याला अर्थ उरला नाही. सप्टेंबर 1792 च्या आरंभी तरुण कॅप्टन नेपोलियन बहिणीला न्यायला आला आणि घरी पोचवायचा प्रवासखर्चही त्याने सरकारकडून मिळवला. 1793 मध्ये शाळा बंद पडली. मँतनाँबाईंची कबर पुढच्याच वर्षी उकरली गेली.

1808 मध्ये नेपोलियनने सैनिकी अधिकाऱ्यांची शाळा याच वास्तूत आणली. त्याच वर्षी त्याने काउंट, बॅरन असे नवे किताब वाटायलाही सुरुवात केली. 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत इमारतीची दुर्दशा झाली आणि ती शाळा ब्रिटनीत कोएत्किदाँला गेली. सँ-सीर हे नाव तिने सोबत नेलं. मुलींच्या शिक्षणाचा धागा नेपोलियनने दुसरीकडे जोडला. ‘लेजिआँ दॉनर’ हा सन्मान मिळवणाऱ्यांच्या मुलींसाठी त्याने शाळा काढल्या, त्यांतली एक सँ-दनीच्या मठात. ज्या मठाच्या उत्पन्नावर सँ-सीर चालली, तोच हा मठ. ती शाळा आजही भरते. तिथे प्रवेशासाठी वडील, आजोबा किंवा पणजोबांना, किंवा आईकडच्या कुणाला, सरकारी सन्मान मिळाल्याचा कागद जोडावा लागतो.