शिवेबाहेर टाकलेली घाण : दिंडीची शंभर वर्षं आणि गावाचं आरोग्य

या अंकात विणेकरी कोण कोण झाले, मुक्काम कुठं पडले, पंगती कुणी घातल्या हे जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. मला कमिटीनं सांगितलं, "महाराज, तुम्ही कीर्तनात स्वच्छतेवर बोलता, तेच लिहून द्या." म्हणून वाडवडलांकडून ऐकलेलं, थोडं वाचलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं इथं मांडतो.

पहिली गोष्ट कडू आहे, पण खरी आहे. वारीनं गावात नाम आणलं तशी पटकीही आणली. जुन्या काळी पंढरीला निघालेल्या माणसाला पोचवायला घरची माणसं वेशीपर्यंत यायची ती डोळ्यांत पाणी घेऊन. माणूस परत येईलच याचा भरवसा नसायचा. आषाढाचा पाऊस, अफाट गर्दी, तीच चंद्रभागा आंघोळीला, तीच प्यायला, आणि बहिर्दिशेलाही तेच वाळवंट. पटकी म्हणजे कॉलरा. आजारी माणसाच्या मैल्यातनं ती पाण्यात उतरते आणि पाण्यातनं दुसऱ्याच्या पोटात जाते. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपतं आणि सकाळी टाळ वाजवणारा गडी दिवस मावळायला गेलेला असतो. लंडन शहरात १८५४ साली जॉन स्नो नावाच्या डॉक्टरनं हे ओळखलं आणि रस्त्यावरच्या एका पंपाचा दांडा काढायला लावला. आपल्याकडं मात्र मरीआईचा गाडा ओढत न्यायचा आणि पुढच्या गावच्या शिवेवर सोडून यायचं. आपल्या शिवेबाहेर गेलं की सुटलो, असं माणसाला वाटायचं. पण पाण्याला शीव कुठली? वरच्या गावानं वेदगंगेत सोडलेलं खालचं गाव पितं.

पुढं सरकारनं वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यायला लावली. टोचल्याचा दाखला जवळ ठेवावा लागे. दंड सुजायचा, ताप यायचा, म्हणून कैक जण चुकवायला बघायचे. लशीनं जीव वाचले, पण घाण होती तिथंच राहिली. ती काढायला सुईबरोबर झाडूही लागतो.

तो झाडू गाडगेबाबांनी हातात घेतला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेला हा माणूस गावात शिरला की दिवसा गाव झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. आधी झाडू, मग कीर्तन, हा क्रम ध्यानात ठेवा. ज्यानं आपल्या दारातली घाण स्वतः काढली, त्याचं रात्री ऐकावंच लागायचं. आम्हा कीर्तनकारांना याहून मोठा धडा नाही.

आता आपल्या गारगोटीकडं येऊ. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावानं १९४७ साली इथं मौनी विद्यापीठ उभं राहिलं. ते उभं करणारे डॉ. जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. पुढं नाव घेतलं जयंत पांडुरंग नाईक. म्हणजे नाव बदललं तरी विठ्ठल सुटला नाही! शिक्षण म्हणजे नुसती पाटी-पुस्तक नव्हे, शेती, आरोग्य, घर, सगळं गाव त्यात आलं पाहिजे, हा त्यांचा विचार. १९७८ साली जगातल्या देशांनी अल्मा आटा या गावी जमून 'सर्वांसाठी आरोग्य' असं ठरवलं. आपल्या देशात ते कसं साधायचं याचा अहवाल १९८१ साली निघाला, त्यात नाईकसाहेबांचा मोठा वाटा. सांगणं असं, की मोठमोठ्या दवाखान्यांनी एकट्यानं आरोग्य येत नाही. चांगलं पाणी, पोटभर अन्न, स्वच्छता आणि गावातच काम करणारा गावचा माणूस, यानं ते येतं. त्याच साली ते वारले.

घाट उतरून खाली कणकवलीजवळ गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धनांनी आणखी एक वाट दाखवली. जातीच्या माणसानं डोक्यावरनं मैला वाहायचा हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी स्वतः भंगीकाम केलं आणि मैल्याचं सोनखत होईल असा संडास बसवला. घाण दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही, आपल्याच जागेत तिचं खत करायचं. शेतकऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही.

आपली जुनी घरं आठवा. सोप्याला लागून गोठा, बारक्या खिडक्या, पावसाळाभर ओल आणि चुलीचा धूर. चुलीपुढं बसून आयाबायांचे डोळे जायचे, खोकला हटायचा नाही. गोबरगॅस आला तशी घरं उजळली. शेणाचा गॅस झाला आणि मळी शेताला गेली. २००० साली राज्यात गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. माणसं आपापल्या गल्लीत झाडू घेऊन उतरली, गटारं काढली, संडास बांधले, शोषखड्डे मारले. बक्षीस कुणाला मिळालं हे विसरायला होतं, पण बाईमाणसाला अंधार पडायची वाट बघावी लागायची ती थांबली, हे विसरता येत नाही.

मग हिशेब पुरा झाला का? नाही. घरी संडास वापरणारा माणूस वारीत रस्त्याकडंला बसायचा. आपण दर्शन घेऊन माघारी फिरायचो आणि आपली घाण पंढरपुरात कुणीतरी हातानं उचलायचा. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा वाळवंटातल्या राहुट्या हलल्या आणि नदीपल्याड ६५ एकरावर सोय झाली. पायी वाटेवर फिरते संडासही आले. एकमेकांच्या पाया पडणाऱ्या वारकऱ्याला हे शिकवायला कोर्ट लागावं, याचा विचार झाला पाहिजे. मरीआईचा गाडा पुढच्या गावाला सोडण्यात आणि यात फरक काय?

म्हणून दुसऱ्या शंभरीला दिंडीनं चार गोष्टी नेमून घ्याव्यात. प्यायचं पाणी उकळलेलं किंवा औषध टाकलेलंच. संडास सोडून उघड्यावर कुणी बसायचं नाही. पंगतीला पत्रावळ, प्लॅस्टिक नको. आणि मुक्काम हलताना विणा उचलायच्या आधी जागा झाडायची. त्यात विणेकरी, चोपदार, महाराज, कुणाला सूट नाही. ज्या गावानं आपल्याला भाकरी दिली, त्या गावाला मागं फक्त टाळांचा आवाज आठवावा.