'नाराज' शब्द आला कुठून? 'असंतोष' त्याहून वेगळा कसा?

निवडणूक जवळ आली की बातम्यांत एक शब्द हमखास दिसतो: नाराज. बारामती लोकसभा मतदारसंघातल्या इंदापूरचंच उदाहरण घ्या. विधानसभेची ही जागा मित्रपक्षाकडे राहणार असं दिसताच हर्षवर्धन पाटील २०१९ मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले आणि २०२४ मध्ये भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत. मग तिथले जुने इच्छुक नाराज झाले. प्रवीण माने अपक्ष लढले. दोन्ही वेळा जिंकले दत्तात्रय भरणे.

'नाराज' मराठीत फारसीतून आला. 'ना' म्हणजे नाही आणि 'राजी' हा मूळचा अरबी शब्द. जो राजी नाही, तो नाराज.

फ्रेंचमध्येही अशीच जोडणी आहे. 'काँताँ' म्हणजे समाधानी, 'मेकाँताँ' म्हणजे नाराज. त्याच धर्तीवर इंग्रजीत 'मिसकंटेंट' हा शब्द होता. फ्रेंच शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. इंग्रजी शब्द मात्र मागे पडला आणि 'डिसकंटेंट' टिकला.

मराठीतल्या 'असंतोष'चं वजन वेगळं आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० च्या पुस्तकात लोकमान्य टिळकांना भारतातल्या 'अनरेस्ट'चे जनक म्हटलं. मराठीत ते 'असंतोषाचे जनक' झालं, 'नाराजीचे' नव्हे.

नाराज नेत्याची समजूत तिकीट किंवा पद देऊन काढता येते. असंतोष लोकांचा असतो. त्याचं कारणच दूर करावं लागतं. म्हणून बातमी वाचताना पाहावं: नाराज कोण आहे, नेता की मतदार?