त्रेपन्न-एन क्रमांकाची बाटली

औषधाची बाटली हाती आली म्हणजे आपण आतील द्रवाचा विचार करतो. ती कोणी भरली आणि तिचे बूच कोणी, कसे उघडले, हे प्रश्न सहसा मनात येत नाहीत. परंतु याच प्रश्नांच्या उत्तरावर एकदा एका थोर शास्त्रज्ञाची अब्रू टांगणीला लागली होती.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. सरकारने कलकत्त्याहून वाल्देमार हाफकिन यांना पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा स्थिरावली व तेथून देशभर बाटल्या जाऊ लागल्या. पंजाब सरकारने मोठी मोहीम आखली, तेव्हा मागणी फारच वाढली. पूर्वी जंतू उष्णतेने मारून लशीत कार्बॉलिक अॅसिड घालीत असत. आता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवण्यात आली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही रीत आधीपासूनच रूढ होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. आठवडाभरात त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. या एकोणीसही जणांना लस मिळाली होती ती ५३-एन या एकाच बाटलीतून. इतर चार बाटल्यांतील लशीने कोणास अपाय झाला नाही.

मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला भरतानाच, दूषित झाली असावी, असा आयोगाचा कल पडला. कार्बॉलिक अॅसिड वगळल्याचा ठपका हाफकिनवर आला आणि त्यांना संचालकपद सोडावे लागले.

परंतु त्याच चौकशीच्या कागदांत दुसरी एक नोंद होती. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. नियमानुसार तो ज्योतीत तापवून निर्जंतुक करावयास हवा होता. प्रत्यक्षात तो केवळ कार्बॉलिकच्या द्रावणात हलवून घेतला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात आणि अशा क्षणभराच्या स्नानाने ते मरत नाहीत. शिवाय बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तिचा वास घेतला होता. त्यास दुर्गंधी जाणवली नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत बरेच दिवस वाढत असते, तर ती दुर्गंधी लपली नसती. रोनाल्ड रॉस यांनी हा मुद्दा लावून धरला. १९०७ साली दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सरकारने त्यांना पुन्हा सेवेत घेतले, पण मधली पाच वर्षे कोण परत करणार? पंजाबातील मोहीम मोडली होती, आणि पुढच्या काही वर्षांत प्लेगने तेथे लक्षावधी माणसे नेली.

शासनाच्या कामात ज्यांचा जन्म जातो, त्यांना या प्रकरणातील एक गोष्ट विशेष जाणवेल. सत्य हाती लागले ते बाटलीवर क्रमांक होता आणि त्या क्रमांकाची माणसे नोंदलेली होती म्हणून. नोंद नसती तर एकोणीस मृत्यू एकशे सातांत हरवले असते, आणि सगळ्या लशीवरच दोष आला असता. मात्र त्याच कागदांत चिमट्याची हकीकतही होती. ती वाचूनही तिचे मोल पारखण्यास पाच वर्षे लागली. म्हणजे नोंद ठेवणे हे अर्धे काम. ती निःपक्षपातीपणे तोलणे हे उरलेले अर्धे.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. पिंप, नळी, बाटली, बूच, चिमटा, सुई या साखळीतील एकच कडी मळली, तरी बाकीच्यांची शुद्धता व्यर्थ होते. आज लस भरणारी यंत्रे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करतात, गाळलेल्या हवेत बाटल्या भरतात आणि प्रत्येक घाण्याचा क्रमांक नोंदतात. ही शिस्त अनाठायी वाटली, तर मुल्कोवालच्या चिमट्याचे स्मरण करावे.

परळच्या संस्थेस १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले. न्याय उशिरा आला. पण त्या एकोणीस ग्रामस्थांपर्यंत तो कधीच पोहोचणार नव्हता.