सोनाराचा ताजवा, भजनातला टाळ

सोनार म्हटलं की आपल्याला आधी आठवते मोडीतली घट आणि गहाण पडलेल्या पाटल्या! आज मात्र आपण अशा सोनाराबद्दल बोलणार आहोत, ज्यांचे अभंग आपल्या भजनी मंडळांत अजून म्हटले जातात. पंढरपूरचे संत नरहरी सोनार.

ज्ञानदेव-नामदेवांच्या काळातले हे कारागीर. पक्के शिवभक्त, विठ्ठलाच्या देवळाकडे फिरकत नसत. पुढची गोष्ट महिपतींच्या ‘भक्तविजय’ ग्रंथात येते. तो १७६२ सालचा, म्हणजे बराच नंतरचा. एका सावकाराने नवस फेडायला विठोबासाठी सोन्याचा करगोटा सांगितला. नरहरी म्हणाले, माप आणून द्या. पण करगोटा कधी सैल होई, कधी आखूड. शेवटी ते डोळ्यांवर पट्टी बांधून देवळात गेले. चाचपलं तर हाताला पाच मुखं, गळ्यात साप. पट्टी काढली तर समोर विठ्ठल! देव एकच, हे त्यांना उमगलं.

ही गोष्ट श्रद्धेची. आम्हाला मात्र त्यांचा अभंग जास्त जवळचा वाटतो. त्यात अख्खं सोनाराचं दुकान आहे. देहाची शेगडी, नामाचं सोनं, तीन गुणांची मूस, विवेकाचा हातोडा, ज्ञानाचा ताजवा. सोनार सोनं चोरतो असं लोक म्हणतात ना? तेही ते हसत कबूल करतात. फक्त चोरी रामनामाची! देव भेटला म्हणून त्यांनी हातोडा खाली ठेवला नाही. काम तेच, त्यातूनच गाणं.

सावता माळ्यांनी मळा गायला, जनाबाईंनी दळण-कांडण. आपल्या आज्याही जात्यावर ओव्या रचत होत्या. पण त्यातल्या कितीतरी कुणी लिहून घेतल्या नाहीत. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि ओव्या आजीबरोबर निघून गेल्या.

सोनं आपण गुंजेगुंजेने मोजायचो. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. गुंजभरही सोडत नव्हतो. मग ओव्यांचा हिशेब का सोडला?

गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातल्या म्हाताऱ्या बाईची एक ओवी आणावी. ज्यांना लिहिता येतं त्यांनी हजेरीच्या वहीतच मागच्या पानावर उतरवावी, खाली त्या बाईचं नाव घालावं. पाटल्या गहाण पडल्या तरी सोडवता येतात. हे गेलं की सोडवून आणता येत नाही.