भेगांचे बळ

आपण खडू वाकवला की तो पटकन मोडतो. उभा धरून दाबला तर बराच भार पेलतो. असे का? ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० साली काचेवरील प्रयोगांतून दाखवले की, ठिसूळ पदार्थाचे बळ त्यातील सूक्ष्म भेगा ठरवतात. १९२४ मध्ये त्यांनी दाबाचे गणित मांडले : दाबाखालीही तिरप्या भेगांच्या टोकांजवळ ताण निर्माण होतो, मात्र पदार्थ ताणाच्या आठपट दाब सोसेल. खडक बहुधा त्याहूनही अधिक सोसतात. १९६२ मध्ये मॅक्लिंटॉक व वॉल्श यांनी उलगडा केला : दाबाने भेगा मिटतात, त्यांच्या बाजू एकमेकींवर घासतात आणि घर्षण सरकण्याला विरोध करते. म्हणूनच खाणीतला खांब तपासताना आपण खडकाचे केवळ नाव पाहून चालत नाही. त्यातील भेगांची दिशाही पाहावी लागते.