टेनिस रॅकेट : नाव, रंग आणि प्रत्यक्ष वस्तू – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

इतिहासलेखनात लिखित साधनांइतकेच भौतिक साधनांनाही महत्त्व आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. नाणी, ताम्रपट, मृद्‌भांडी यांच्या बाबतीत आपण ते सहज मान्य करतो. क्रीडासाहित्याकडे मात्र त्या दृष्टीने पाहण्याची सवय आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. प्रस्तुत लेखात टेनिसच्या रॅकेटचा विचार एक ऐतिहासिक पुरावा म्हणून केला आहे. असा विचार करू लागताच एक अडचण उभी राहते. गेल्या काही दशकांत नामांकित खेळाडूच्या हातातील रॅकेटवर जे नाव छापलेले असते, तीच वस्तू त्या रंगाखाली असते असे नाही. मुलामा दिलेले नाणे हाती आल्यावर नाणकशास्त्राचा अभ्यासक जी शंका घेतो, तीच शंका येथे घ्यावी लागते.

लाकडी रॅकेटचा कालखंड :

मेजर वॉल्टर विंगफील्ड यांनी १८७४ मध्ये इंग्लंडमध्ये आपल्या नव्या मैदानी खेळाचे पेटंट घेतले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे रॅकेट म्हणजे लाकूड हेच समीकरण राहिले. आरंभी अॅश वृक्षाची एकच पट्टी वाफेवर वाकवून चौकट तयार केली जाई. पुढे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून ती अधिक मजबूत करण्यात आली. डनलॉप कंपनीची १९३१ मध्ये आलेली 'मॅक्सप्लाय' ही या पद्धतीची प्रसिद्ध रॅकेट होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विल्सन कंपनीची जॅक क्रेमर यांच्या स्वाक्षरीची रॅकेट दीर्घकाळ खपली. या रॅकेटचे वजन साधारणतः ३७० ते ४०० ग्रॅम आणि डोक्याचे क्षेत्रफळ ६५ ते ७० चौरस इंच असे. ओलाव्याने लाकूड पिळवटू नये म्हणून खेळ संपल्यावर ती चार स्क्रूंच्या लाकडी शिकंजात आवळून ठेवावी लागे. आपल्याकडील जुन्या जिमखान्यांच्या कपाटांत असे शिकंजे पाहिल्याचे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल.

या कालखंडाविषयी एक सुखद समजूत आढळते. विजेत्याच्या हातात जी रॅकेट असे, तीच दुकानात मिळे, अशी ती समजूत. ती बऱ्याच अंशी खरी आहे. १९८१ मध्ये जॉन मॅकेन्रो यांनी विम्बल्डन जिंकले ते मॅक्सप्लायने, आणि त्याच जातीची रॅकेट सामान्य ग्राहकालाही विकत घेता येत होती. परंतु बियाँ बोर्ग यांचे उदाहरण पाहिले की ही समजूत सैल होते. बोर्ग युरोपात डोने कंपनीची, तर अमेरिकेत बॅनक्रॉफ्ट कंपनीची रॅकेट वापरत, कारण करार प्रदेशागणिक वेगळे होते. शिवाय त्यांचे गटिंग सुमारे ८० पौंड, म्हणजे ३६ किलोच्या आसपास, इतके ताणलेले असे. सामान्य खेळाडूच्या मनगटाला असा ताण मानवण्यासारखा नव्हता. म्हणजेच नाव आणि चौकट जुळली, तरी प्रत्यक्ष साधन वेगळेच होते.

धातू, मोठे डोके आणि १९७७ :

फ्रेंच खेळाडू रने लाकोस्त यांनी १९५३ मध्ये पोलादी नळीच्या रॅकेटचे पेटंट घेतले. तिच्यावर आधारित 'टी २०००' विल्सनने १९६७ मध्ये बाजारात आणली. जिमी कॉनर्स यांनी ती इतक्या निष्ठेने वापरली की कंपनीने उत्पादन थांबवल्यावरही ते तिलाच चिकटून राहिले. पुढे आपल्याला जी प्रवृत्ती वारंवार दिसणार आहे, तिचा हा आरंभीचा नमुना. बाजार पुढे सरकतो, खेळाडू सरकत नाही. हावर्ड हेड यांची ११० चौरस इंचांची 'प्रिन्स' १९७६ मध्ये आली. दोनच वर्षांनी सोळा वर्षांच्या पॅम श्रायव्हर याच रॅकेटने खेळत अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या.

आश्चर्याची गोष्ट अशी की, तोपर्यंत रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या टेनिसच्या नियमांत नव्हतीच. ती करण्याची वेळ १९७७ मध्ये आली. जर्मनीत वेर्नर फिशर यांनी दुहेरी तातांची रॅकेट तयार केली होती. तिला थट्टेने 'स्पॅगेटी रॅकेट' म्हटले गेले. तिच्यात उभ्या ताता आडव्या तातांत विणलेल्या नसत, त्या सरकत आणि चेंडूला अनपेक्षित फिरकी देत. ऑक्टोबर १९७७ मध्ये एक्स-आं-प्रोव्हांस येथे इली नास्तासे ती घेऊन गिलेर्मो व्हिलास यांच्याविरुद्ध उतरले. मातीच्या मैदानावर सलग ५३ सामने जिंकलेले व्हिलास पहिले दोन सेट गमावल्यावर चिडून मैदान सोडून गेले. आंतरराष्ट्रीय महासंघाने तत्काळ तात्पुरती बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेटविषयीचा नियम केला. ताता एकमेकींत विणलेल्या असाव्यात व त्यांची रचना एकसारखी असावी, हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे. आजच्या नियमांनुसार रॅकेटची लांबी ७३.७ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. वजनावर मात्र नियमांत मर्यादा नाही, आणि रंगाखाली कोणती चौकट असावी याविषयीही नियम काही बोलत नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हे मौन महत्त्वाचे आहे.

ग्रॅफाइट आणि रंगकाम :

यानिक नोआ यांनी १९८३ मध्ये लाकडी रॅकेटने फ्रेंच खुली स्पर्धा जिंकली, आणि लाकडाचे युग संपल्यात जमा झाले. त्याच सुमारास मॅकेन्रो यांनी डनलॉपची ग्रॅफाइटची 'मॅक्स २०० जी' हाती घेतली होती. स्टेफी ग्राफ यांनी १९८८ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा व ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले तेही तिच्यानेच.

ग्रॅफाइटची चौकट साच्यात घडते. ग्रॅफाइटच्या चिकट पट्ट्या साच्यात ठेवून त्या तापवल्या जातात आणि शेवटी वर रंग चढवला जातो. घडण आणि रंग या दोन पायऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र झाल्यामुळेच पुढील सर्व प्रकार शक्य झाला. दर दोन-तीन वर्षांनी कंपनीला नवे 'तंत्रज्ञान' बाजारात आणावे लागते. खेळाडूचे हात मात्र लहानपणापासून एका चौकटीला सरावलेले असतात. तोड सोपी निघाली. जुनी चौकट तशीच ठेवायची आणि तिच्यावर नव्या मालाचा रंग चढवायचा. या व्यवसायातील लोक यालाच 'पेंट जॉब' म्हणतात. केवळ खेळाडूंसाठी घडवलेल्या चौकटींना 'प्रो स्टॉक' असे नाव असून त्यांची ओळख सांकेतिक क्रमांकांनी होते. अँडी मरे यांच्या हातात हेड कंपनीच्या 'रॅडिकल'चा रंग दिसे. आतील चौकट मात्र याच कंपनीच्या जुन्या 'प्रो टूर' घराण्यातील, 'पीटी ५७ ए' या संकेताची असल्याचे जाणकार सांगत आले आहेत.

रंगाखाली आणखीही बरेच घडते. चौकटीवर शिशाच्या पट्ट्या चिकटवतात, मुठीत सिलिकॉन भरतात, मुठीचा आकार तळव्याप्रमाणे घडवतात आणि एका संचातील सर्व रॅकेटचे वजन व तोल काटेकोरपणे जुळवतात. पीट सॅम्प्रस यांची ८५ चौरस इंचांची 'प्रो स्टाफ' शिशामुळे ४०० ग्रॅमच्या आसपास जाई. तीही कॅरिबियनमधील सेंट व्हिन्सेंट बेटावरील कारखान्यात घडलेलीच त्यांना हवी असे. बाजारात त्याच नावाच्या, पण इतरत्र तयार झालेल्या रॅकेट उपलब्ध होत्या. त्यांना त्या मान्य नव्हत्या. या हट्टाने त्यांना १४ प्रमुख विजेतेपदे दिली. निवृत्तीनंतर मात्र मोठ्या डोक्याची रॅकेट वापरून पाहायला हवी होती, असे त्यांनी स्वतःच बोलून दाखवले.

येथे ग्राहकाची फसवणूक होते काय, हा प्रश्न उरतो. माझ्या मते होते, जरी ती दिसते तेवढी सरळ नाही. खेळाडूची खरी रॅकेट दुकानात ठेवली तर बहुतेक हौशी खेळाडूंना ती तासभरही फिरवता येणार नाही. हे कंपन्यांचे म्हणणे खोटे नाही. पण मग जाहिरातीत 'हीच ती रॅकेट' असे सुचवण्याची गरज काय? मध्यमवर्गीय पालक पाल्यासाठी काही हजार रुपये मोजतो तो त्या चित्राकडे पाहून.

वस्तू कशी वाचावी :

अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वाधिक उपयुक्त साधन म्हणजे छायाचित्र. सामन्याच्या स्पष्ट छायाचित्रात ताता मोजता येतात. जाहिरातीतील रॅकेटला १६ उभ्या व १९ आडव्या ताता असतील आणि छायाचित्रात १८ व २० भरल्या, तर चौकट वेगळी हे निर्विवाद ठरते. त्याखेरीज तात ओवण्याच्या छिद्रांची जागा, चौकटीच्या कडेची जाडी, गळ्याजवळचा बाक हेही पाहावे लागते. रंग बदलता येतो, छिद्रे हलवता येत नाहीत. लिलावात येणाऱ्या, प्रत्यक्ष वापरलेल्या रॅकेटचे वजन व तोल मोजूनही बरीच माहिती हाती लागते. संग्रहालयांनी अशा वस्तूच्या पाटीवर छापील नाव, चौकटीचा संकेत आणि मोजलेले वजन या तीनही गोष्टी लिहाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

अलीकडे कंपन्यांचा पवित्रा काहीसा बदललेला दिसतो. राफाएल नदाल यांच्या मूळ मापांची, तातांशिवाय ३१७ ग्रॅम वजनाची रॅकेट बाबोला कंपनीने २०२३ मध्ये 'ओरिजिन' या नावाने विक्रीस आणली. दुकानातील नेहमीची रॅकेट आणि नदाल यांची रॅकेट एक नव्हती, ही गोष्ट त्या नावातच कबूल झाली. त्याआधी रॉजर फेडरर यांनी जुलै २०१३ मध्ये हँबुर्ग व गश्टाड येथे ९८ चौरस इंचांची, संपूर्ण काळी प्रायोगिक रॅकेट वापरून पाहिली. दोन्ही ठिकाणी पराभव पदरी आला आणि त्या वर्षीच्या अमेरिकन स्पर्धेत ते पुन्हा आपल्या ९० चौरस इंचांच्या रॅकेटकडे वळले. अखेर २०१४ मध्ये त्यांनी ९७ चौरस इंचांची रॅकेट कायम केली. तीच त्यांच्या नावाने, तातांशिवाय ३४० ग्रॅम वजनाची, दुकानांतही आली. ती विकत घेतलेल्या अनेकांना पहिल्या सेटनंतरच खांदा जाणवू लागला.